लई महागाचं पाणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं. जमीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, म्हशी, पितळेची भांडी, परसातल्या आंब्याच्या फांद्यासुद्धा. मधल्या खोलीत विटांची भिंत उभी राहिली आणि महामार्गावरच्या पेठ गावापासून आत असलेल्या आमच्या गावात एका घराची दोन घरं झाली. राहिला तो विजेचा मीटर. तो आजोबांच्या नावावर होता. वेगळा करायचा म्हणजे आत्यांच्या सह्या, वारसनोंद आणि ढीगभर कागद. वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बिल निम्मं निम्मं भरू. भाऊ भाऊच हाये आपण." काका म्हणाले, "दादा म्हनंल तसं." काका वडिलांपेक्षा धाकटे आणि आयुष्यभर हेच एक वाक्य बोलत आलेले. त्यामुळे आजोबांना जाऊन वर्षं लोटली तरी बिल त्यांच्याच नावानं येत राहिलं. आम्ही पोरं म्हणायचो, आजोबा अजून पंखा लावून झोपतात.

पुढे काही वर्षं या मीटरनं कोणाला त्रास दिला नाही. दोन्हीकडे दोन-चार दिवे, पंखे आणि टीव्ही. बिल आलं की वडील ते काकांच्या उंबऱ्यापाशी जाऊन वाचून दाखवत आणि काका निम्मे पैसे काढून देत. भिंत झाली होती खरी, पण आई आणि काकू यांच्यात ती कधी आली नाही. दोघी जावा एकाच आळीत नांदायला आलेल्या बहिणींसारख्या होत्या. भाजी निवडायची ती मिळून, पापड लाटायचे ते मिळून आणि सासूची उणीदुणी काढायची तीही मिळून. सासू गेल्यावरसुद्धा त्यांनी तो कार्यक्रम बंद केला नव्हता.

मग एका भाऊबीजेला काकूच्या भावानं तिला ओवाळणीत फ्रीज घातला.

त्याचा नारायणगावात टोमॅटोचा व्यापार. त्या साली त्याला बाजार चांगला मिळाला होता. टेम्पोतून तो लाल रंगाचा, एका दाराचा फ्रीज उतरला तेव्हा आमची सगळी आळी गोळा झाली होती. काकूनं त्याला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली. माहेरचं माणूस घरात राहायला आल्यासारखी ती त्याच्याकडे बघायची. फ्रीज तिच्या घरात असला तरी तो दोन्ही घरांचा झाला. आमचं दूध त्यात, आमचं विरजण त्यात, आईची कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून त्यात. मी बारावीचा अभ्यास करत होते. भर थंडीत बर्फाचे खडे चोखत बसायचे आणि काकू म्हणायची, "खोकली म्हंजी तुझी आई माझ्या नावानं शिमगा करंल."

त्याच दिवाळीत आमच्या घरात आणखी एक वस्तू आली होती. तिला कोणी हळदकुंकू लावलं नाही. त्या आठवड्यात बिबट्यानं शेजारच्या गोठ्यातलं वासरू ओढून उसात नेलं होतं. आई पहाटेच उठून बांधावरचं सरपण आणायची, आम्हा सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर तापवायची. वडील म्हणाले, "आता काय अंधारात जायाचं न्हाई," आणि आठवडेबाजारातून बादलीत सोडायचा रॉड घेऊन आले. काळ्या मुठीचा, खाली लोखंडी वेटोळं. बादलीत सोडायचा, बटण दाबायचं, पाणी तापलं की दुसरी बादली लावायची. आमच्या घरात आंघोळी करणारी पाच माणसं. त्यात वडिलांना पाणी असं लागायचं की हात घातला तर चटका बसावा. काकांकडे मात्र काकूच्या लग्नातला तांब्याचा बंब होता. त्यात ती नारळाच्या शेंड्या आणि दारातली काटकी घालायची. तिला लांब जावं लागत नव्हतं.

थंडी सरता सरता बिल आलं आणि वडील ते हातात धरून ओट्यावर बराच वेळ बसले. मग काकांच्या उंबऱ्यापाशी गेले, वाचून दाखवलं. काकांनी पैसे काढून दिले. वडील म्हणाले, "वाढलंय जरा." काका म्हणाले, "व्हय." एवढंच.

पण वडिलांचा स्वभाव असा की पोटात एखादी गोष्ट गेली की ती पचत नाही. आणि समोरासमोर बोलायची हिंमतही नाही. ते म्हशीशी बोलू लागले. काका अंगणात असले की हे गोठ्यात शिरत आणि मोठ्यानं म्हणत, "खा बाई, तू दिवसा खातीस आन् रातची रवंथ तरी करतीस. काही काही जनावरं चोवीस तास खात्यात." भिंतीपलीकडून फ्रीजची घरघर ऐकू यायची. दुपारी पडल्या पडल्या ते आईला म्हणत, "ऐक. चाललंय खाणं." त्यांचा हिशोब सरळ होता. जे दिवसभर आवाज करतं तेच दिवसभर वीज खातं. बादलीतला रॉड बिचारा मुकाट तापायचा. त्याच्यावर कोण आळ घेणार?

ती घरघरसुद्धा दिवसभर नसते, फ्रीज आतला गारवा पुरेसा झाला की आपोआप गप्प होतो, हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही ऐकायचो तेव्हा तो चालू असायचा, आणि गप्प असायचा तेव्हा आम्ही ऐकत नसायचो.

काकांना म्हशीचं बोलणं कळलं होतंच. त्यांनी संध्याकाळी जेवणं झाली की फ्रीजचं बटण बंद करायला सुरुवात केली. सकाळी पुन्हा लावायचे. रात्रभरात बर्फ वितळून खाली पाणी यायचं, काकू फडक्यानं पुसायची. दुधाला वास यायला लागला. आईनं हळूच आपलं दूध काढून घेतलं, मग कोथिंबीरही काढून घेतली. काकूनं विचारलं, "का गं?" आई म्हणाली, "उगाच तुझ्यात गर्दी." दोघींनाही खरं ठाऊक होतं आणि दोघीही हसल्या. त्या हसण्याची मला अजून चीड येते. तिथंच दोघींनी पदर खोचून आपापल्या नवऱ्यांना समोरासमोर बसवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

शिमग्याच्या आधी मला बघायला पाहुणे आले. स्थळ नारायणगावचं आणि ते आणलं होतं काकूच्या त्याच भावानं. काकू त्या दिवशी आईपेक्षा जास्त धावत होती. पोहे आमच्याकडे, पण कोकमाचं सरबत आणि पाणी तिच्याकडे. आदल्या दिवसापासून तिनं फ्रीज बंद होऊ दिला नव्हता. दुपारचं ऊन तापायला लागलं होतं. पाहुणे जीपमधून उतरले ते घामेजलेले. काकू गार पाण्याचे पेले ताटात मांडून घेऊन आली. पेल्यांवर बाहेरून दंव धरलं होतं. सासरे होणाऱ्या माणसानं पेला घेतला आणि म्हणाला, "वा, जीव गार झाला."

वडील म्हणाले, "प्या पावणं, पोटभर प्या. लई महागाचं पाणी हाय ते, आमच्या भावाकडचं."

सगळे हसले. वडिलांना गंमतच करायची होती असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. काकूचा भाऊही आधी हसला. मग त्यानं हातातला पेला न पिता खाली ठेवला. काका जमिनीकडे बघत होते. काकू ताट घेऊन तशीच उभी होती आणि मी दाराआड साडीत अवघडून उभी होते. तिचा चेहरा मला एकटीलाच समोरून दिसला. फ्रीज महाग पडतो म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. इथं तिच्या भावाची ओवाळणी त्याच्याच तोंडावर, परक्या माणसांपुढं, खाली पाडली होती.

माझं लग्न त्या बैठकीत ठरलं. घर त्याच बैठकीत मोडलं.

त्या संध्याकाळी काकूनं फ्रीजचा प्लग काढला तो पुन्हा लावला नाही. आत तिनं पापड, कुरडया आणि मसाल्याचे डबे ठेवले. दार घट्ट बसून वास धरू नये म्हणून फटीत कागदाची गुंडाळी घातली. वर रुमाल आणि फुलं तशीच. आणि मग उन्हाळा आला. आम्ही विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करू लागलो, रॉड खुंटीला टांगला गेला आणि बिल खाली आलं. वडिलांनी ते बिल ओट्यावर बसून येईल-जाईल त्याला दाखवलं. "मी म्हनत न्हवतो?" म्हणाले. काकांनाही दाखवलं. काका म्हणाले, "व्हय दादा."

काका आळेफाट्याला एका गॅरेजमध्ये कामाला होते, रोज एसटीनं ये-जा करायचे. उन्हाळ्यातच त्यांनी तिकडं एक खोली घेतली. सांगताना म्हणाले, "जायचं-यायचं जमत न्हाई आता, गुडघे धरत्यात." टेम्पोत पहिल्यांदा फ्रीज चढला. आई ओट्यावर पदर तोंडाला लावून उभी होती आणि वडील नेमके त्या वेळी मळ्यात काम काढून गेले होते. माझ्या लग्नात काका-काकू आले ते पाहुण्यांसारखे. अक्षतांच्या वेळेला पोचले, पंगतीत बसून जेवले, आहेर केला आणि निघाले. ज्या काकांनी मला खांद्यावर बसवून मंचरचा बाजार दाखवला होता ते माझ्या लग्नात कोणाला वाढायलासुद्धा उठले नाहीत. मला ते आजही लागतं.

पुढच्या थंडीत बिल पुन्हा चढलं. आता भिंतीपलीकडं कोणी नव्हतं. वडील म्हणाले, "दर वाढवले वाटतं सरकारनं." विषय संपला. ढकलायला नेहमी कोणी ना कोणी सापडतंच.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. वडील गेले होते मातीला. दहाव्याला नदीवर ते सगळ्यांच्या मागं, एका दगडावर बसून राहिले. दोघं भाऊ मधल्या काळात लग्नाकार्यात भेटत, रामराम घालत. भांडण असं नव्हतंच, त्यामुळे ते मिटवायला कोणाला जागा सापडली नाही.

या हिवाळ्यात नारायणगावातला माझा फ्रीज बंद पडला. नवा घ्यायला दुकानात गेले. दारावर ते चांदण्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. मी सहज विचारलं, "दिवसाला किती पडतं हे?" दुकानदार म्हणाला, "एक युनिटसुद्धा नाही ताई. पंखा दिवसभर फिरवाल तेवढ्याच्या आसपास." मी विचारलं, "आणि जुने असतात ते, लाल, एका दाराचे?" तो म्हणाला, "ते धरा एक, फार तर दीड. फ्रीजनं कधी बिल फुगत नाही. फुगतं ते पाणी तापवण्यानं."

 नवरा आणखी काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढं खुंटीला टांगलेला तो काळ्या मुठीचा रॉड होता. पाच माणसांच्या बादल्या, एकामागून एक. मला आधी राग आला. नंतर वाईट वाटलं, आणि ते अजून जात नाही.

नवऱ्याला फ्रीजपाशी सोडून मी जीप धरली आणि आळेफाट्याला गेले. काकू आता एकटी राहते. मुलगा चाकणला कंपनीत आहे, पण तिला तिकडं करमत नाही. खोलीच्या कोपऱ्यात तोच लाल फ्रीज, रंग उडालेला, दाराचं रबर एकदा बदललेलं. वर काकांचा फोटो. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. लेबल, युनिट, रॉड. ती शेंगा फोडत होती, तशीच फोडत राहिली.

"आता सांगायला आलीस व्हय मला?" ती म्हणाली. "इथं आल्यावर पयलं बिल आलं तवाच कळलं आमाला. फ्रीज, टीवी, पंखा, समदं आमचं एकट्याचं, आन् बिल एवढंसं. तुझं काका ते घेऊन बसलं व्हतं निस्तं."

"मग आबांना का नाही सांगितलं?"

"निघालं व्हतं की सांगायला. एसटीत बसून पेठेपतूर गेलं. तिथं च्या प्यालं आन् माघारी आलं." तिनं टरफलं सुपात ढकलली. "मी म्हनलं काय झालं? तर म्हनलं, दादाला खोटं पाडायला कशाला जायाचं?"

निघताना तिनं मला पाणी दिलं ते माठातलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत मी इथं कितीदा आले असेन, पण त्या फ्रीजमधलं पाणी तिनं आमच्या घरच्या कोणालाही कधी दिलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी माहेरी गेले. वडील आता थकलेत, पण रॉड तोच आहे, वेटोळं पांढऱ्या खारानं माखलेलं. भावानं पुण्याहून पाठवलेला एक फ्रीजही आता स्वयंपाकघरात आहे. त्यानं बिल फारसं वाढलं नाही हे वडिलांनाही दिसलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "नवीन फ्रीज कमी खात्यात." मी त्यांना खुर्ची घेऊन ओट्यावर मीटरसमोर बसवलं. घरातलं सगळं बंद केलं, एकटा फ्रीज घरघरत ठेवला. वीज खपेल तसा लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा एकदा लागला. मग काहीच नाही. बराच वेळ गेला, तेव्हा परत एकदा. वडील म्हणाले, "झोपलाय का काय ह्यो?" मग मी फ्रीज बंद केला आणि बादलीत रॉड सोडला. दिवा असा उडायला लागला की पापणी लवते न लवते तोच पुढचा.

 मी वडिलांना दुकानदाराचं सांगितलं, काकूच्या जुन्या फ्रीजच्या बिलाचं सांगितलं. काका पेठेपर्यंत येऊन माघारी गेले, तेही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज चढला होता. आई आतून म्हणाली, "तुला कोनी सांगितलं व्हतं बघायला?" वडिलांनी हातानं तिला गप्प केलं. ते इतकंच म्हणाले, "बंद कर तो." बादलीत पाणी जेमतेम कोमट झालं होतं. त्याच पाण्यानं त्यांनी आंघोळ केली, कपडे केले, टोपी घातली आणि म्हणाले, "आळेफाट्याची गाडी किती वाजता हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती, तरी हवेत गारठा होता. वडील काकूच्या खोलीत पहिल्यांदाच आले होते. काका गेले तेव्हाही ते बाहेरच उभे राहिले होते. काकूनं पदर डोक्यावर घेतला, सतरंजी घातली आणि माठाकडे वळली.

"फ्रीजमधलं दे," वडील म्हणाले.

तिनं वळून पाहिलं. "भावजी, थंडी हाय. बाधंल."

"दे."

काकू फ्रीजपाशी गेली. दार उघडलं, काचेची बाटली काढली, पेला भरला. वडिलांचे दात दुखतात, घसा बसतो, हिवाळ्यात ते माठातलंही पाणी पीत नाहीत. त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता पूर्ण प्यायला. मधे एकदा ठसका लागला तरी खाली ठेवला नाही. फ्रीज घरघर करू लागला. ते तो आवाज ऐकत, वरच्या फोटोकडे बघत बसले. मला वाटलं आता ते काकूची माफी मागतील, निदान त्या दिवसाबद्दल काही बोलतील. पण तसं बोलणं त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही आणि इथं तर जवळपास म्हैसही नव्हती.

"पेठेत आला व्हता म्हनं त्यो," ते शेवटी म्हणाले.

"आलं व्हतं."

"मग घरी यायचं की."

काकू बाटलीला झाकण लावत होती. ती रागानं बोलली नाही, चढ्या आवाजातही बोलली नाही.

"तुमीबी यायचं की, भावजी," ती म्हणाली. "आळेफाटा काय लांब न्हाई."

वडिलांनी पेला पुन्हा पुढं केला आणि तिनं तो भरला.